जाहक पाळण्यापूर्वीं

शहरांतील कित्येक सुशिक्षित घरांतून हल्लीं एक नवाच हट्ट ऐकूं येतो. मुलांनीं मोबाइलच्या पडद्यावर एक चित्र पाहिलेलें असतें. तळहातावर मावणारा, टोंकदार नाकाचा आणि काळ्या मण्यांसारख्या डोळ्यांचा एक लहानसा प्राणी उताणा पडलेला आहे. त्याचें पांढरें मऊ पोट कोणी बोटानें कुरवाळीत आहे. पाठीवर मात्र कांट्यांची दाट गादी आहे. ‘‘असा एक आपल्या घरीं आणूं या’’ असें मूल म्हणतें, आणि वडील माणसांना त्यावर काय बोलावें हें सुचत नाहीं. कुत्रा, मांजर, गाय यांच्याविषयीं त्यांना पिढीजात ज्ञान असतें. या प्राण्याचें धड नांवहि त्यांना ठाऊक नसतें. त्यामुळें होकार दिला तर तो अज्ञानानें दिला जातो, आणि नकार दिला तर त्याचें कारण मुलाला सांगतां येत नाहीं. दोन्ही गोष्टी टाळावयाच्या असतील तर हा प्राणी कोण, तो कोठला, आणि त्याला जगावयास काय लागतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

इंग्रजींत त्याला ‘हेजहॉग’ म्हणतात. ‘हेज’ म्हणजे झुडुपांचें कुंपण आणि ‘हॉग’ म्हणजे डुक्कर. कुंपणाच्या बुडाशीं नाक खुपसून तो डुकराप्रमाणें घुरघुरत भक्ष्य हुडकतो, म्हणून त्याला हें नांव पडलें. संस्कृतांत ‘जाहक’ हा शब्द आहे. गुजरातींत त्याला ‘शेळो’ म्हणतात, आणि तामीळ लोक त्याला कांटेरी उंदीर या अर्थाच्या नांवानें ओळखतात. मराठींत मात्र पुष्कळ लोक त्याला साळिंदराचें पिल्लूं समजतात, आणि येथूनच चुकीला आरंभ होतो. साळिंदर हा उंदीर-घुशींप्रमाणें कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गांतला, दहा-पंधरा किलो वजनाचा, कंदमुळें आणि सालीं खाणारा प्राणी आहे. त्याचीं पिसें सहज गळून शत्रूच्या अंगांत रुततात. जाहकाचें नातें चिचुंदरीशीं. तो किडे खाऊन राहतो, आणि त्याचे कांटे त्याच्या कातड्यांत घट्ट बसलेले असतात. कुळ निराळें, आहार निराळा, स्वभावहि निराळा.

जाहकाचे कांटे म्हणजे वस्तुतः कठीण झालेले केसच होत. मनुष्याचीं नखें ज्या द्रव्याचीं बनतात त्याच द्रव्याचे ते असतात. आंतून ते पोकळ असून पोकळींत बारीक बारीक कप्पे असतात, त्यामुळें ते हलके राहूनहि मजबूत होतात. अंगावर असे कांहीं हजार कांटे असतात. भय वाटलें कीं तो डोकें आणि पाय पोटाशीं घेतो, आणि कातड्याखालीं कडेकडेनें फिरलेला एक स्नायु बटव्याची नाडी ओढावी त्याप्रमाणें आवळला जातो. मग दिसतो तो केवळ कांट्यांचा एक चेंडू. निसर्गानें त्याला शिकविलेली ही मुख्य विद्या आहे. तो वेगानें पळूं शकत नाहीं. दृष्टि मंद आहे. चावण्याचा त्याचा सहसा स्वभाव नाहीं. संकट आलें कीं तो मिटतो आणि संकट जाण्याची वाट पाहतो. ही गोष्ट पाळणाऱ्यानें नीट ध्यानांत ठेवावयास हवी. ज्या प्राण्याचें भय आणि ज्याचें दुखणें एकाच मिटलेल्या बटव्यांत दडतें, त्याच्या बाबतींत उपेक्षा फार सहज होते.

जाहकाच्या जगांत सुमारें सतरा जाति आहेत. आफ्रिका, यूरोप आणि आशिया हीं त्यांचीं मूळ स्थानें. दोन्ही अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांत ते मुळांत नव्हते. आज जो घरोघर पाळला जातो तो आफ्रिकेंतील बुटका जाहक होय. सेनेगलपासून सोमालियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत त्याची वस्ती आहे. इतर जाहकांना मागच्या पायांस पांच बोटें असतात, याला चारच. म्हणून शास्त्रज्ञ त्याला चार बोटांचा जाहक म्हणतात. त्याचें वजन साधारणतः तीनशें ते सहाशें ग्रॅम, लांबी वीतभर, आणि पाळलेल्या स्थितींत आयुष्य तीन ते पांच वर्षें. क्वचित् एखादा याहून अधिक जगतो.

हा प्राणी माणसाच्या घरांत आला तो अगदीं अलीकडे. १९८० नंतरच्या दशकांत आफ्रिकेंतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यांची आयात झाली. १९९१ सालीं, गुराढोरांना होणाऱ्या लाळ्या-खुरकत रोगाचा संसर्ग त्यांच्याबरोबर येईल या भीतीनें, ही आयात बंद करण्यांत आली. तेव्हांपासून तिकडे जे जाहक विकले जातात ते बहुतेक त्या पहिल्या थोड्या प्राण्यांचीच संतति होत. कुत्र्याला माणसाच्या सहवासांत हजारों वर्षें लोटलीं आहेत. गाईची गोष्टहि तशीच. इतक्या पिढ्यांत माणसाला धार्जिणे असलेले प्राणी निवडले गेले आणि त्यांचा स्वभावच पालटला. जाहकाला उणीपुरी चाळीस वर्षें झालीं आहेत. तो पिंजऱ्यांत जन्मला असला तरी मनानें अद्यापि रानांतलाच आहे. त्याच्याकडून मांजराच्या लाडिकपणाची किंवा कुत्र्याच्या निष्ठेची अपेक्षा ठेवणें म्हणजे त्याच्यावर अन्यायच होय.

या विषयांत एक उदाहरण मोठें बोधप्रद आहे. इंग्लंडांतील प्रसिद्ध बालसाहित्यकर्त्री बीट्रिक्स पॉटर यांनीं १९०५ सालीं एका धोबीण जाहकीची गोष्ट प्रसिद्ध केली. टोपी आणि झगा घातलेली, दुसऱ्या प्राण्यांचे कपडे धुऊन इस्त्री करणारी ही जाहकी आजहि तिकडील मुलांची आवडती आहे. ती चित्रें काढण्यासाठीं बाईंनीं आपली स्वतःची पाळलेली जाहकी समोर बसविली होती. परंतु तिला अर्धा तास उभें करून ठेवलें कीं ती आधीं दीनवाणेपणानें जांभया देई आणि मग चावे, असें त्यांनीं एका पत्रांत कबूल केलें आहे. पुस्तकांतील जाहकी हंसतमुखानें इस्त्री करते. पुस्तकाबाहेरची जाहकी कंटाळते आणि दांत लावते. मोबाइलच्या पडद्यावरचें चित्र पाहतांना हा भेद विसरूं नये. जाहकाचें तोंडच असें घडलेलें आहे कीं तो हंसतो असा भास व्हावा. तें हसूं आनंदाचें असेलच असें नाहीं.

आतां, हा प्राणी पाळावयाचाच झाला तर त्याची व्यवस्था कशी असावी?

पहिली गोष्ट जागेची. जाहक निशाचर आहे. दिवसां तो निजतो. अंधार पडला कीं उठतो आणि भक्ष्याच्या शोधांत भटकूं लागतो. यूरोपांतील रानटी जाहक एका रात्रींत एक-दोन किलोमीटर सहज चालतो. अशा प्राण्याला पोपटाच्या पिंजऱ्याएवढ्या जागेंत कोंडणें हें उघडच क्रौर्य आहे. कमींत कमी तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी सपाट जमीन त्याला हवी. याहून मोठी मिळाली तर उत्तम. जमीन तारेच्या जाळीची नसावी, कारण तींत पाय अडकून मोडतात. भिंती गुळगुळीत असाव्या, कारण त्याला चढतां येतें पण सुरक्षितपणें उतरतां येत नाहीं. खालीं कागदाचा चुरा किंवा लोकरीसारखें मऊ कापड पसरावें. देवदारासारख्या उग्र वासाच्या लांकडाचा भुसा वापरूं नये. त्या वासानें श्वासनलिकेला इजा होते. एका कोपऱ्यांत अंधारी पेटी असावी, म्हणजे तेथें त्याला निर्भयपणें निजतां येईल. शिवाय पळण्यासाठीं एक चाक असावें. त्याचा व्यास सुमारें एक फूट असावा आणि पृष्ठभाग अखंड असावा. आडव्या गजांच्या चाकांत त्याचे पाय सांपडतात. रात्रभर तो त्या चाकावर धांवतो, आणि धांवतांधांवतां त्यांतच घाणहि करतो. म्हणून तें चाक रोज सकाळीं धुवावें लागतें. ज्याच्या निजण्याच्या खोलींत हा पिंजरा असेल त्याला चाकाची खडखड रात्रभर ऐकावी लागते, हेंहि आधींच जाणून असावें.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि हिच्यावर त्याचा जीव अवलंबून आहे. आफ्रिकी जाहकाला सुमारें २४ ते २९ अंश सेल्सिअस इतकें उष्णतामान मानवतें. यूरोपांतील जाहक हिवाळ्यांत महिनोन् महिने निद्रिस्त राहतो. त्यासाठीं शरद्ऋतूंत तो अंगांत चरबी सांठवितो. आफ्रिकी जाहकाच्या अंगीं ही तयारी नसते. तरी पण थंडी वाढून उष्णतामान अठरा-वीस अंशांच्या खालीं गेलें कीं त्याचें शरीर पूर्वजांच्या संवयीनें तशाच झोंपेंत शिरूं पाहतें. पोट थंडगार पडतें, चाल डळमळते, आणि तो अर्धवट मिटून निपचित पडतो. घरचे लोक समजतात कीं तो गाढ झोंपला आहे. वास्तविक तो मृत्यूच्या वाटेला लागलेला असतो. अशा वेळीं त्याला छातीशीं धरून आपल्या अंगाची ऊब द्यावी, ऊन पाण्याची पिशवी कापडांत गुंडाळून जवळ ठेवावी, आणि विलंब न लावतां पशुवैद्याकडे न्यावें. त्याला एकदम गरम पाण्यांत मात्र बुडवूं नये. उलट पक्षीं उष्णतामान तिशीच्या बरेंच वर गेलें तर तो पाय पसरून धापा टाकूं लागतो. तेंहि तितकेंच घातक.

महाराष्ट्रांतील गृहस्थाला या हिशेबाचा अर्थ सहज कळेल. पुण्यास डिसेंबर-जानेवारींत पहाटेचें उष्णतामान दहा-बारा अंशांपर्यंत उतरतें. नागपुरास मे महिन्यांत तें दुपारीं त्रेचाळीसच्या वर चढतें. म्हणजे एके ठिकाणीं रात्रभर ऊब देणारें यंत्र आणि दुसरे ठिकाणीं दिवसभर गारवा ठेवणारें यंत्र, हीं त्या प्राण्याच्या दृष्टीनें चैनीचीं साधनें नव्हेत. तीं त्याचें जीवनच होत. पिंजऱ्याशीं उष्णतामापक टांगलेला असावा आणि तो रोज पाहिला जावा. वीज गेली तर काय करावयाचें, कुटुंब लग्नकार्यासाठीं चार दिवस परगांवीं गेलें तर मागें कोणी पाहावयाचें, हे प्रश्न प्राणी घरीं आणण्यापूर्वींच सोडविलेले असावेत.

तिसरी गोष्ट आहाराची. आपल्याकडे प्राण्याला खाऊं घालणें म्हणजे दूध पाजणें, अशी समजूत खोल रुजलेली आहे. नागपंचमीला नागापुढें दुधाची वाटी ठेवली जाते. वास्तविक दूध हें सापाचें अन्नच नव्हे. जाहकाच्या बाबतींत हीच चूक इंग्लंडांतील लोक पिढ्यान् पिढ्या करीत आले. बागेंत आलेल्या जाहकासाठीं ते बशींत दूधपाव ठेवीत. दुधांतील शर्करा त्याला पचत नाहीं. त्यानें त्याला जुलाब होतात आणि तो खंगतो. त्याला पिण्यास स्वच्छ पाणीच द्यावें.

जाहकाचें खरें अन्न किडे होत. पाळलेल्या जाहकाला बहुधा मांजरांसाठीं तयार केलेलें, भरपूर प्रथिनांचें आणि कमी चरबीचें कोरडें अन्न रोज एक-दोन मोठे चमचे देतात, आणि त्याच्या जोडीला रातकिडे व पिठांतील अळ्या देतात. अळ्या त्याला फार आवडतात. पण त्यांत चरबी पुष्कळ आणि चुना थोडा, त्यामुळें त्यांचा अतिरेक झाला तर प्राणी लठ्ठ होतो आणि त्याचीं हाडें दुबळीं होतात. लठ्ठ जाहकाला धड मिटतांहि येत नाहीं, म्हणजे त्याचें एकमेव शस्त्रच बोथट होतें. द्राक्षें, बेदाणे, कांदा, लसूण आणि चॉकलेट त्याला कधींहि देऊं नये. दाणे आणि काजूबदामहि देऊं नयेत. त्यांचे तुकडे टाळूंत अडकून बसतात. ज्या घरांत स्वयंपाकघराच्या मर्यादा कडक आहेत, त्या घरानें जिवंत अळ्यांचा डबा आपल्याला चालेल कीं नाहीं, याचा विचार आधींच करावा. डाळभात खाऊन हा प्राणी जगणार नाहीं, आणि आपल्या आचारासाठीं त्याला उपाशी ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

आतां त्याच्या स्वभावाविषयीं. जाहक एकलकोंडा आहे. ‘‘त्याला सोबत हवी’’ म्हणून दुसरा आणणें ही दया नव्हे. दोन नर एकत्र आले तर जिवावर उठतात. नर आणि मादी एकत्र ठेवलीं तर सुमारें पस्तीस दिवसांत पिलें होतात, आणि त्या वेळीं आईला कोणी त्रास दिला तर ती आपलीच पिलें मारून खाते. म्हणून एका पिंजऱ्यांत एकच जाहक असावा.

माणसाची ओळख त्याला वासानें पटते. रोज संध्याकाळीं, तो जागा झाल्यावर, अर्धा तास शांतपणें त्याला मांडीवर घेऊन बसावें. त्याचा चेंडू झाला तर तो आपोआप उलगडेपर्यंत थांबावें. उलगडण्याची जबरदस्ती करूं नये. कांहीं दिवसांनीं, कधीं कांहीं महिन्यांनीं, तो निर्धास्तपणें फिरूं लागतो. कांहीं जाहक शेवटपर्यंत फुसफुसतच राहतात, आणि तसें राहण्याचा त्यांना हक्क आहे. दीड-दोन महिन्यांचा असतांना त्याचे बाळपणाचे कांटे गळून नवे येतात. मुलाला दांत येतांना जशी पीडा होते तशी त्या वेळीं त्याला होते आणि तो चिडचिडा बनतो. त्या काळांत त्याला फारसें हाताळूं नये.

त्याची एक संवय तर नवख्या माणसाला घाबरवून सोडते. एखादा नवा वास आला कीं तो ती वस्तु चाटतो, चावतो, तोंडाला फेंस आणतो, आणि मग मान वेडीवांकडी वळवून तो फेंस आपल्या पाठीवरच्या कांट्यांना फांसतो. पाहणाऱ्याला वाटतें कीं प्राणी पिसाळला. परंतु हा रोग नव्हे. ही त्याची जन्मजात रीति आहे. तिचें कारण शास्त्रज्ञांनाहि अद्यापि निश्चित सांगतां आलेलें नाहीं.

खरे रोग मात्र पुष्कळ आहेत, आणि ते लपून येतात. तीन वर्षांवरील जाहकांत निरनिराळ्या प्रकारच्या गांठी आणि कर्करोग फार आढळतात, हिरड्या सुजतात, अंगांत बारीक किडे होऊन कांटे झडूं लागतात. सर्वांत दुःखद म्हणजे लोक ज्याला ‘डळमळ्या जाहकाचा रोग’ म्हणतात तो. यांत प्रथम प्राण्याला नीट मिटतां येईनासें होतें, मग मागचे पाय लटपटतात, आणि हळूहळू लुळेपणा पुढें सरकत जातो. मेंदू आणि मज्जारज्जु यांची झीज होणें हें त्याचें मूळ. उत्तर अमेरिकेंतील पाळीव जाहकांपैकीं सुमारें शेंकडा दहांना हा रोग होतो असा अंदाज आहे. त्याला उपाय नाहीं, आणि दीड-दोन वर्षांत त्याचा शेवट होतो. थोड्या पूर्वजांपासून जवळच्या नात्यांत संतति वाढविली गेली, याच्याशीं या रोगाचा संबंध असावा असा तज्ज्ञांचा संशय आहे. म्हणून प्राणी घेतांना त्याच्या आईबापांची आणि भावंडांची माहिती विचारावी. जो विक्रेता ती देऊं शकत नाहीं त्याच्याकडून घेऊं नये.

दुखणें ओळखण्याचा एक साधा उपाय म्हणजे वजन. दर आठवड्याला ठरलेल्या वारीं त्याला लहान तराजूंत ठेवावें आणि आंकडा वहींत लिहावा. तराजू स्वयंपाकघराचा नसावा. सतत दोन-तीन आठवडे वजन उतरत गेलें तर प्राणी वरकरणी ठीक दिसला तरी वैद्याला दाखवावा. हा वैद्यहि असा हवा कीं ज्यानें असले प्राणी हाताळलेले आहेत; कारण मिटलेल्या जाहकाचें पोट तपासावयाचें तर पुष्कळदां त्याला गुंगीचें औषध हुंगवावें लागतें. आपल्या गांवांत असा वैद्य नसेल तर तेवढ्या एका कारणासाठींहि हा बेत सोडून द्यावा.

प्राण्याप्रमाणें माणसांचीहि काळजी घेतली पाहिजे. निरोगी दिसणाऱ्या जाहकाच्या विष्ठेंतहि साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात, आणि त्यांनीं माणसाला ताप, पोटशूळ व जुलाब होतात. अमेरिकेंत २०१२च्या सुमारास, पुनः २०१८-१९ सालीं आणि त्यानंतर २०२० सालीं, पाळीव जाहकांपासून या रोगाच्या सांथी उद्भवल्याचें तेथील सरकारी आरोग्यखात्यानें जाहीर केलें. त्याच्या कांट्यांतून एक प्रकारच्या गजकर्णाची बुरशीहि माणसाला लागते. म्हणून त्याला हाताळल्यावर साबणानें हात धुवावे. त्याचें चुंबन घेऊं नये. त्याचीं भांडीं स्वयंपाकघराच्या मोरींत धुऊं नयेत. आणि पांच वर्षांखालील मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस घरांत असेल तर हा प्राणी न आणणेंच श्रेयस्कर.

कांहीं देशांनीं तर यावर कायद्यानेंच बंधन घातलें आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया आणि हवाई या संस्थानांत, तसेंच न्यूयॉर्क शहरांत, जाहक पाळण्यास मनाई आहे. या मनाईच्या मुळाशीं असलेलें एक मोठें भय असें कीं कंटाळलेला मालक एके दिवशीं त्याला मोकळा सोडून देईल. हें भय निराधार नाहीं. न्यूझीलंडमध्यें एकोणिसाव्या शतकांत इंग्रज वसाहतवाल्यांनीं जन्मभूमीची आठवण म्हणून जाहक नेले. आज तेथें ते जमिनीवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांचीं अंडीं आणि दुर्मिळ सरडे व कीटक खाऊन फस्त करतात, आणि सरकारला त्यांचा नाश करावा लागतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेस साउथ यूइस्ट नांवाचें बेट आहे. तेथें १९७४ सालीं बागेंतल्या गोगलगाई खाण्यासाठीं थोडेसे जाहक आणले गेले. त्यांची संख्या हजारोंवर गेली आणि किनाऱ्यावरील पक्ष्यांचीं अंडीं नाहींशीं होऊं लागलीं. २००३ सालीं त्यांना मारण्यास आरंभ झाला. लोकांनीं विरोध केला. आणि २००७ पासून त्यांना पकडून मुख्य भूमीवर नेऊन सोडण्याचें ठरलें. मूठभर प्राणी एका बेटावर आणल्याचा हा परिणाम आहे.

याच्या उलट, जेथें जाहक मूळचा आहे तेथें तो कमी होत चालला आहे. यूरोपीय जाहकाची गणना आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेनें २०२४ सालीं ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ असलेल्या प्राण्यांत केली. इंग्लंडांत १९८२ सालीं जाहकांच्या रक्षणासाठीं एक संस्था निघाली. तेथील लोक त्याला पिंजऱ्यांत ठेवीत नाहींत. ते बागेच्या कुंपणाच्या बुडाशीं तेरा सेंटिमीटर चौरस भोंक ठेवतात, म्हणजे त्याला रात्रीं एका बागेंतून दुसऱ्या बागेंत जातां येतें; बशींत पाणी ठेवतात; आणि पालापाचोळ्याचा ढीग पेटविण्यापूर्वीं त्यांत कोणी निजलें आहे काय हें पाहतात. प्रेम करण्याची ही रीति पिंजऱ्याहून अधिक उदार आहे.

भारतांतहि जाहक आहेत, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. राजस्थान आणि गुजरात यांच्या कोरड्या भागांत लांब कानांचा आणि फिकट रंगाचा अशा दोन जाति आहेत. दक्षिणेंत तामिळनाडु आणि आंध्र यांकडे मद्रासी जाहक आहे. मोटारींखालीं ते चिरडले जातात, आणि कांटे जाळून त्यांची राख खोकल्यावर देण्याच्या खुळ्या समजुतीपायीं मारलेहि जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांना पकडणें आणि बाळगणें गुन्हा आहे. म्हणून ‘रानांतून आणलेला’ जाहक कोणी स्वस्तांत देऊं केला तर तो स्वीकारूं नये, वनखात्याला कळवावें. भारतांतील मोठ्या शहरांत जो आफ्रिकी जाहक विक्रीस येतो, त्याचा जन्म कोठें झाला आणि तो देशांत कोणत्या परवान्यानें आला याचे कागद मागून घ्यावे. कागद नसतील तर ती खरेदी म्हणजे चोरट्या व्यापाराला दिलेली देणगीच होय.

इतकें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं मग हा प्राणी पाळूंच नये काय? ज्या घरांत रात्रीं जागणारा, प्रौढ, नियमित वृत्तीचा कोणीतरी आहे. ज्याला प्रतिदिनीं पिंजरा साफ करण्याचा कंटाळा नाहीं. ज्याला प्राण्याकडून प्रेमाच्या परतफेडीची अपेक्षा नाहीं. आणि ज्याच्याजवळ ऊब, गारवा, वैद्य आणि द्रव्य या चारींची तरतूद आहे, त्या घरांत जाहक सुखानें नांदूं शकेल. बाकीच्या घरांनीं मुलाला नकार द्यावा. पण तो कारणासह द्यावा. मूल शाळेंतून परत येतें त्या वेळीं हा प्राणी गाढ निजलेला असतो, आणि मूल निजतें त्या वेळीं तो उठतो, एवढी एक गोष्ट सांगितली तरी शहाणें मूल विचारांत पडेल. आपल्या खेळण्यासाठीं दुसऱ्याची झोंप मोडावयाची काय, या प्रश्नाचें उत्तर त्यालाच देऊं द्यावें. तें उत्तर जर दयेचें आलें, तर घरांत जाहक न येतांहि त्याच्यापासून मिळावयाचें शिक्षण त्या मुलाला मिळालें असें समजण्यास हरकत नाहीं.